बाळाच्या कपाळावरची रेघ

मागच्या वर्षी उन्हाळ्यात डिचोलीला मावसभावाच्या मुलीचं बारसं होतं. मी नेहमीसारखं टोपडं करून नेलं होतं, पांढरं, सुती, मशीनवर विणलेलं. वहिनीने लगेच घातलं तिला, सगळे छान छान म्हणाले, फोटो झाले, पाळणा झाला. तासाभराने बाळाला पाजायला आत नेलं तेव्हा वहिनीने टोपडं काढलं आणि मी बघितलं, कपाळावर भुवयांच्या वर एक बारीक लाल रेघ. टोपड्याच्या काठाची. वहिनी म्हणाली, अगं नवंय म्हणून, धुतलं की सैल होईल. ती चांगुलपणाने म्हणाली पण मला माहीत होतं की सूत धुतल्यावर सैल होत नाही, झालं तर आवळतंच. टोपडं मी पर्समध्ये घालून परत आणलं. डिचोलीहून फोंड्याला येईपर्यंत कदंबच्या बसमध्ये ते दोन्ही हातांनी ताणून बघत होते. मधलं कापड मस्त ताणलं जायचं, सोडलं की परत जागेवर. काठ मात्र जसाच्या तसा, जणू आतून तार घातलीये.

तीन वर्षं मी मशीनवर विणत होते आणि तीनही वर्षं एकाच पद्धतीने टाके घालत होते. टोपडं असो, मफलर असो, पायमोजे असोत, सुरुवात ठरलेली. त्या दिवसापासून मी सुरुवातीकडे नीट बघायला लागले, आणि आज जे लिहितेय ते त्या वर्षभराचं आहे. गोव्यात मशीनवर विणणारी माणसं फार भेटत नाहीत, लोकर आणि स्वेटर म्हटलं की सगळ्यांना लुधियाना आठवतं, त्यामुळे कुणाच्या घरी माळ्यावर असं मशीन पडून असेल तर त्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मशीनबद्दल थोडं. माझं मशीन मामाने कुवेतहून आणलेलं, मामीसाठी, मामीने दोन स्वेटर विणले आणि मग ते खोक्यात गेलं. जपानी आहे, हाताने चालवायचं, लाईट नसली तरी चालतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. वसरीत खिडकीजवळ टेबलाला क्लॅम्पने बसवलंय. एका पट्टीत २०० सुया शेजारी शेजारी, दोन सुयांमधलं अंतर साडेचार मिलिमीटर, वरून कॅरेज (सुयांवरून हाताने सरकवायचा ठोकळा, दोरा यातूनच जातो) डावीकडून उजवीकडे सरकवायचं की एक ओळ विणून होते. पट्टीच्या टोकाला ए, बी, डी, ई अशी अक्षरं कोरलीयत (सी नाहीच, मी पहिल्या दिवशी बराच वेळ शोधत होते). ए म्हणजे सुई आराम करतेय, बी म्हणजे कामाला आहे, डी म्हणजे थोडी पुढे, आणि ई म्हणजे पूर्ण बाहेर.

हाताने विणणाऱ्या बायकांना वाटतं टाके घालणं म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम. आईलाही तसंच वाटायचं. पण हातातल्या सुईवर तुम्ही टाका घालता तेव्हा तो घट्ट झाला की बोटांना लगेच कळतं, आणि पुढची ओळ विणताना जरा सांभाळूनही घेता येतं. मशीन सांभाळून घेत नाही. कॅरेज सरकलं की नव्वद सुया दोन सेकंदांत नव्वद टाके विणून मोकळ्या, त्यातला एक टाका बरोबर बसला नव्हता हे तुम्हाला खाली लोंबणाऱ्या भोकावरून कळणार.

तर मी जे करत होते त्याला ई-रॅप म्हणतात. सगळ्या पुस्तिकांमध्ये पहिलं हेच असतं कारण समजायला सोपं आहे. कॅरेज उजवीकडे ठेवायचं, लागतील तेवढ्या सुया ई पर्यंत बाहेर ओढायच्या, सगळ्यात डावीकडच्या सुईला सरकगाठ अडकवायची आणि मग दोरा प्रत्येक सुईभोवती घड्याळाच्या उलट दिशेने एक एक वेढा देत उजवीकडे यायचं. वरून बघितलं तर इंग्रजी छोटा ई लिहीत गेल्यासारखं दिसतं, म्हणून ते नाव. मग दोरा कॅरेजमध्ये घालायचा आणि हळू, अगदी हळू पहिली ओळ न्यायची. पुढच्या दोन-तीन ओळी प्रत्येक वेळी सुया परत हाताने ई वर ओढून घ्यायच्या, नाहीतर वेढे सुईवरून उडी मारतात. कॅरेजवरचा होल्डचा खटका एन म्हणजे नॉर्मलवर आहे ना ते आधी बघा, नाहीतर बाहेर ओढलेल्या सुया विणल्याच जात नाहीत आणि दोरा नुसता वर आडवा पडून राहतो.

आता यात बाळाच्या कपाळावर रेघ कुठून आली? मी आधी समजत होते की मी दोरा घट्ट ओढते. म्हणून सैल वेढे देऊन बघितले, तर काठ नुसता लोंबकळायला लागला, एक वेढा मोठा, एक छोटा, दात पडलेल्या कंगव्यासारखा. मग डायल वाढवून बघितला. मशीनवर टेन्शनचा डायल असतो, आकडा मोठा केला की टाका मोठा. सहाचा आठ केला, आठाचा दहा केला. कापड मच्छरदाणीसारखं विरळ झालं आणि काठ होता तेवढाच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डायल म्हणजे काय करतो, तर कॅरेज जाताना सुईला किती मागे ओढायचं ते ठरवतो, सुई जितकी मागे तितका दोरा जास्त ओढला जाणार, तितका टाका मोठा. पण ई-रॅपचा वेढा मी हाताने दिलेला आहे, तो फक्त सुईच्या बारीक दांड्याभोवती गुंडाळलाय, त्यात दोरा किती जाणार तर त्या दांड्याचा घेर जेवढा तेवढाच. डायलचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे सगळं टोपडं मशीनने मापून विणलं होतं आणि जी एकच ओळ बाळाच्या कातडीला लागून बसणार होती ती मापाच्या बाहेरची होती.

लोकरीत हे खपून जातं कारण लोकर स्वतःच ताणली जाते. आपल्याकडे बाळाला लोकर कोण घालतं, डिसेंबरच्या चार रात्री सोडल्या तर घामोळंच येईल. मी विणते ते सूत, आणि सुताला लवचिकपणा नाही, जेवढं दिलं तेवढंच.

ई-रॅप वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जो काठ शिवणीत जाणार आहे तिथे ते उत्तम, घट्ट आणि सपाट. झबल्याला बाही बाजूने वाढवायची असेल, म्हणजे विणता विणता एकदम वीस टाके कडेला जोडायचे असतील, तर ई-रॅपइतकं सोयीचं काही नाही, कॅरेज ज्या बाजूला उभं आहे त्या बाजूच्या सुयांना वेढे द्या आणि पुढे चला.

दुसरी पद्धत मी शिकले ती शेजारच्या आंटीकडून. आंटीने आयुष्यात मशीन चालवलेलं नाही, पण तिच्या घरात क्रोशाची लेस नाही अशी एक जागा नाही, टेबलावर, फ्रीजवर, सायबिणीच्या (मेरी मातेच्या) आल्तारावर. मी वसरीत बसून मशीनशी झगडत असताना ती कुंपणापलीकडून आली, जरा वेळ उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "कित्याक इतलें घट ओडटाय गो बाय? सदळ धर." मी म्हटलं सैल धरलं की वेडंवाकडं होतं. तर ती म्हणाली मग साखळी घाल ना, साखळीला माप असतं.

आणि खरंच अशी पद्धत आहे मशीनवर, मी पुस्तिकेत तिचं चित्र बघितलं होतं पण पान उलटलं होतं. मशीनबरोबर एक हूक येतो, त्याच्या टोकाला जीभ असते, लॅच टूल म्हणतात. हुकावर सरकगाठ घ्यायची, डावीकडच्या पहिल्या दोन सुयांच्या मधून हूक खालून वर आणायचा, दोरा पहिल्या सुईवरून घेऊन हुकात टाकायचा आणि खाली ओढून गाठीतून काढायचा. झाली एक साखळी, सुईच्या पोटाखाली. मग पुढच्या दोन सुयांमधून वर. असं शेवटपर्यंत जायचं आणि शेवटचा लूप शेवटच्या सुईवर अडकवायचा. आंटीला मी हूक हातात दिला तर तिने सात-आठ सुया माझ्यापेक्षा भराभर घातल्या, सगळ्या साखळ्या एकसारख्या, साठ वर्षांची सवय आहे त्या हाताला.

याची गंमत अशी की शेवटी टाके बंद करताना आपण त्याच हुकाने साखळी घालत बंद करतो, त्यामुळे सुरुवातीचा काठ आणि शेवटचा काठ हुबेहूब सारखे दिसतात. मफलर, बाळाचं पांघरूण, टेबलावरची पट्टी, जिथे दोन्ही टोकं समोर दिसणार तिथे मी आता हेच घालते. ताणही ई-रॅपपेक्षा बरा देतं. पण टोपड्याला घालून बघितलं तर साखळीचा कंगोरा आतून लागतो, माझ्याच मनगटावर तासभर गुंडाळून ठेवलं होतं, वळ दिसलाच.

मध्ये जून आला आणि सगळं बिघडलं. मी जे घालीन ते सुटायला लागलं. ई-रॅप घाला, साखळी घाला, तिसऱ्या ओळीला मधले आठ-दहा टाके गळून खाली. मला वाटलं माझाच हात बिघडला, तीन आठवडे मी रोज संध्याकाळी बसायचे आणि रोज उसवून ठेवायचे. एक दिवस मशीनचा खालचा भाग बघताना बाजूने एक पट्टी बाहेर आलेली दिसली, ओढली तर सबंध लांबीची लोखंडी पट्टी हातात आली आणि तिच्या पोटात काळपट चिकट काहीतरी, गुळाच्या पाकासारखं. तो स्पंज होता. सुयांच्या पट्टीत आडवी एक स्पंजची पट्टी असते, ती सगळ्या सुयांना वरून दाबून धरते. स्पंज मेला की सुया डोकं वर काढतात, कॅरेज त्यांच्या बाजूने नाहीतर खालून जातं आणि टाके सुटतात. मामीने कधी बदलला नव्हता, मीही नाही, त्यात आपली दमट हवा. नवीन पट्टी कुठून मागवणार, मी फोंड्यात हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीच्या फटीला लावतात ती मागून चिकट असलेली फोमची पट्टी आणली, जुना चिकटा रॉकेल लावून खरवडून काढला, नवीन पट्टी बसवली, आणि त्याच संध्याकाळी नव्वदच्या नव्वद टाके पहिल्या फटक्यात बसले. तेव्हा कुणी जुनं मशीन घेत असेल तर टाके घालायला शिकण्याआधी ही पट्टी ओढून बघा, बोटाने दाबलेला स्पंज परत वर येतोय का.

आणि सुया. पावसाळ्यात बारीक गंज धरतो आणि सगळ्यात आधी सुईची जीभ अडकते. ही जीभ म्हणजे टोकाला बिजागरीवर हलणारा छोटा पत्रा, जुना टाका तिला ढकलून बंद करतो आणि नवा दोरा आत पकडून तिच्यावरून खाली उतरतो. विल्यम ली नावाच्या माणसाने इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ कॅल्व्हर्टनला १५८९ साली पहिली विणायची चौकट केली, पण त्याच्या सुयांना जीभ नव्हती, नुसतं वाकवलेलं लांब टोक होतं आणि प्रत्येक ओळीला ते वेगळ्या पट्टीने दाबून बंद करायला लागायचं. जीभेची सुई आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने केलेली, म्हणजे मधे अडीचशे वर्षं गेली, एवढ्याशा पत्र्यासाठी. मी आता प्रत्येक वेळी टाके घालण्याआधी बोट फिरवून सगळ्या जिभा उघड्या आहेत ना बघते, आणि महिन्यातून एकदा मशीनचं तेल लावून पुसते.

आता मुख्य गोष्ट. टोपड्याचा प्रश्न सुटला तो वेस्ट यार्नने.

पुस्तिकेत हेही होतं. पण वेस्ट यार्न म्हणजे आधी दुसऱ्याच कुठल्या दोऱ्याने दहा ओळी विणायच्या, मग आपला खरा दोरा घ्यायचा आणि शेवटी त्या दहा ओळी काढून टाकायच्या, हे वाचून मला वाटायचं की दोरा आणि वेळ दोन्ही फुकट. आईने मला ते समजावलं, जिने मशीनला कधी हात लावला नाही. मी तिला काय करायचं असतं ते सांगत होते तर ती म्हणाली, "मग कच्चा टाकाच की तो. ब्लाउज शिवताना आधी कच्चं घालतो, पक्कं झालं की ओढून काढतो, त्यात फुकट काय गेलं?" तेव्हापासून आमच्या घरात त्या दोऱ्याचं नाव कच्चा दोरा.

कच्च्या दोऱ्याचं असं आहे की पहिली खरी ओळ हाताने घालायचीच नाही. तुमच्या खऱ्या दोऱ्याची अगदी पहिली ओळ कॅरेज विणतं, म्हणजे डायलच्या मापाने. ई-रॅपमध्ये जी ओळ मापाच्या बाहेर राहत होती ती इथे कच्च्या दोऱ्याच्या वाट्याला जाते आणि शेवटी त्याच्याबरोबर निघून जाते. आणि तुमच्याकडे उरतात उघडे टाके, ज्यांचं काय करायचं ते तुम्ही नंतर ठरवू शकता. दुमडून आत घ्या, खाली उलटं लटकवून विणत जा, दुसऱ्या कापडाला जोडा.

कसं घालते ते सांगते, नवजात बाळाच्या टोपड्याचं माप धरून. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो. माझ्या सुताला डायल सहावर दहा सेंटीमीटरला २८ टाके येतात, आणि टोपडं जरासं लहान असलं की ताणून नीट बसतं, म्हणून मी ९२ सुया घेते, शून्याच्या डावीकडे ४६, उजवीकडे ४६. त्यातली प्रत्येक तिसरी सुई ए वर, म्हणजे आरामात. दोन कामाला, एक रिकामी, दोन कामाला, एक रिकामी, दोन्ही टोकांना जोडी येते. मोजलं तर ६२ सुया कामाला आणि ३० रिकाम्या. या रिकाम्या जागांमुळे कापडात उभ्या घड्या पडतात आणि ते हाताच्या दोन सुलट एक उलटच्या बॉर्डरसारखं आत खेचलं जातं. खरी बॉर्डर नव्हे, खऱ्या बॉर्डरला समोर सुयांची दुसरी पट्टी लागते, ती माझ्याकडे नाही.

मग प्रत्येक जोडीतली एक सुई तात्पुरती मागे ढकलायची आणि कच्च्या दोऱ्याने एक ओळ न्यायची. काही विणलं जात नाही, नुसता दोरा सुयांच्या हुकात नागमोडी पडून राहतो. आता त्या नागमोडीवर एक मजबूत गुळगुळीत दोरी आडवी घालायची, हुक आणि पट्टीच्या पुढच्या कडेला सुयांच्या मधमधे असलेले खुंट यांच्या मधे, आणि दोन्ही टोकं एका हातात खाली घट्ट ओढून धरायची. मशीनबरोबर आलेली नायलॉनची दोरी मामीच्या घरीच हरवलेली. मी आधी मासे धरायचं तंगूस वापरून बघितलं, ते वेटोळं सोडत नाही, उडी मारून वर येतं. मग मालीमला जेट्टीजवळ जाळ्यांचं सामान मिळतं तिथून जाळं विणायचा पिळाचा नायलॉनचा दोरा आणला, बारीकातला, तो सुरेख चालतो. दोरी धरून ठेवायची, मागे ढकललेल्या सुया परत बी वर आणायच्या (तिसऱ्या रिकाम्या नाही, त्या तशाच) आणि कच्च्या दोऱ्याने आठ-दहा ओळी विणायच्या. दोरी एका बाजूने ओढून काढली की खाली स्वच्छ छोटं कापड लटकत असतं. त्याला वजनं लावायची. वजनं आधी नाही, इथे.

मग एक ओळ तिसऱ्याच दोऱ्याची, जो नंतर सर्रकन ओढून काढता येईल. यासाठी मी आंटीकडचा क्रोशाचा चमकदार सुती दोरा वापरते, तो गुळगुळीत असतो, तुटत नाही. आणि मग खरा दोरा.

कच्च्या दोऱ्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. रंग वेगळा हवा म्हणून मी पहिल्यांदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली लाल केसाळ लोकर घेतली. ओळी मस्त दिसल्या, सोडवल्याही मस्त, पण पांढऱ्या टोपड्याच्या काठात लाल लाल तंतू अडकून राहिले. चिमट्याने काढत बसले, दोन तास, तरी सगळे निघाले नाहीत, बाळाला द्यायच्या वस्तूत ते ठेवणार कसं, ते टोपडं शेवटी मी घरातच ठेवलं. केस नसलेला, रंग न जाणारा, जाडीला खऱ्या दोऱ्याच्या जवळपासचा असाच दोरा कच्चा म्हणून घ्या. माझा आता फिकट निळा सुती आहे, तिरुपूरकडच्या कोनचा उरलेला.

खऱ्या दोऱ्याने डायल चारवर दहा ओळी, मग एकच ओळ नऊवर, सैल, तिथे कापड आपोआप दुमडतं. मग परत चारवर दहा ओळी. आता काठ दुमडायचा. खाली वाकून खऱ्या दोऱ्याच्या अगदी पहिल्या ओळीचे लूप शोधायचे. दोन प्रकारचे दिसतात, जोडीच्या मधला छोटा आणि रिकाम्या सुईच्या जागी पडलेला लांब. सगळ्या रिकाम्या सुया पुढे आणायच्या, लांब लूप त्या रिकाम्या सुईवर, छोटा लूप जोडीतल्या डावीकडच्या सुईवर, कायम डावीकडच्याच. इथे घाई केली की संपलं. मी एकदा डावीकडून सुरू करून सरळ चालत गेले, मधे कुठेतरी एक लांब लूप पुढच्या जागेवर लागला, आणि शेवटी एक लूप कमी पडला. मला वाटलं एकाने काय होतंय. काठ सबंध तिरका वळला, ओल्या टॉवेलला पीळ दिल्यासारखा, धुवून, इस्त्री करून, काही केल्या सरळ झाला नाही. आता मी आधी दोन्ही टोकं लटकवते, मग शून्याजवळचा मधला, मग त्याच्या मधला मधला, आणि मगच उरलेले भरत जाते. तीस खाचा आहेत, पंधरा मिनिटं लागतात, चहा त्यानंतर.

लटकवून झालं की सगळ्या सुया ई वर बाहेर काढायच्या, डायल सातवर करून एक ओळ हळू न्यायची म्हणजे दोन्ही थर एकत्र विणले जातात. नंतर डायल सहावर, ९२ सुयांवर साधं विणत जायचं, माझ्या पन्नासेक ओळी होतात. शेवटी सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून आवळायचा आणि मागची शिवण घालायची. क्रोशाचा दोरा ओढला की कच्चा भाग अख्खा सुटून हातात येतो.

असं पहिलं नीट जमलेलं टोपडं मी ताणलं तेव्हा काठ कापडाबरोबर ताणला गेला आणि कापडाबरोबरच परत आला. मी ते किती वेळा केलं ते आठवत नाही. दोन थर असल्यामुळे काठ मऊ, गाठ नाही, कंगोरा नाही. डिचोलीची भाची तोपर्यंत दहा महिन्यांची झाली होती, तिच्यासाठी मोठं विणलं, ११९ सुयांवर, म्हणजे तीनच्या पटीत आणि वर दोन, हा हिशोब सोडायचा नाही. शिगम्याला गेलो तेव्हा तिने ते दिवसभर घालून काढलं, रोमट म्हणजे शिगम्याची मिरवणूक बघायला खांद्यावर बसून गेली, रात्री झोपल्यावर वहिनीने काढलं आणि मी लाईट लावून कपाळ बघितलं. घामाने केस चिकटले होते, बाकी काही नव्हतं. वहिनी म्हणाली, काय शोधतेयस गं?

पावसाआधी आणखी चार टोपडी करायची आहेत. गल्लीतच दोन बाळं येणार आहेत, एक आंटीच्या नातवाचं, तिला पिवळा रंग हवाय. निळा कच्चा दोरा तोच आहे, दर वेळी सोडवते, पाण्यात बुडवून वाळवते म्हणजे त्याच्या सुरकुत्या जातात, आणि परत गुंडाळून मशीनच्या डाव्या बाजूला ठेवते.